मासिक वेदनेचा रोजनामा

दसरा उलटून विदर्भातल्या वणीच्या शिवारात कापूस फुटू लागला की वेचणीस निघालेल्या बायकांत एखादी तरी अशी आढळते, की जी छातीवरून आडव्या बांधलेल्या झोळीची गाठ घटकेघटकेला सैल करते; आणि शेजारणीने कारण पुसले तर ‘छाती भरून आली न् माय, पाळी जवळ आली वाटते’ एवढे पुटपुटून पुन्हा बोंडाकडे हात नेते. या एका वाक्यात निदान जवळजवळ पुरे झालेले असते. त्याची रुजवात तेवढी व्हावयाची राहते.

बीजांड सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके, गर्भ राहिलाच तर दुधाची तजवीज असावी म्हणून, दुग्धवाहिन्या व दुग्धग्रंथी यांना चेतवितात, ऊतींत पाणी साठते, आणि दोन्ही स्तन, विशेषतः काखेकडील वरचा भाग, जड व हळवे होतात. गर्भ न राहिल्यास संप्रेरके ओसरतात, पाळी येते आणि सारी तजवीज बरखास्त होऊन दुखणेही बहुधा आपसूक मावळते. अशी तिथी पाळणारी नुसती वेदना हे सहसा कर्करोगाचे लक्षण नव्हे.

म्हणून पहिला उपचार म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. दुखेल त्या तारखेवर टिंब आणि पाळीच्या दिवशी फुली, अशी दोन-तीन महिन्यांची नोंद ठेवली म्हणजे वेदनेचा क्रम डोळ्यांना दिसतो, आणि तो दिसताच पुष्कळ जणींची निम्मी धास्ती सरते.

उरलेल्या दुखण्यास मापाची, घट्ट आधार देणारी बॉडी दिवसा व गरज पडल्यास रात्रीही वापरावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने डायक्लोफिनॅकचे मलम लावावे किंवा पॅरासिटामॉल घ्यावे. शिवाय विदर्भाच्या स्वयंपाकघरात वंशपरंपरेने नांदणारे जवस आहेच. कॅनडातील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २००६ च्या मार्गदर्शिकेत या दुखण्यावर रोज २५ ग्रॅम जवस हा आरंभीचाच उपाय गणला. मात्र चमचाभर चटणीने हे माप भरत नाही. तव्यावर तडतडेपर्यंत भाजून कुटलेली पूड, कारण अख्खा दाणा बहुधा न पचताच निघून जातो, भाकरीच्या पिठात वा वरणात मिसळावी, आणि पाणी भरपूर प्यावे. दिवस गेल्याची शंका असल्यास आधी तपासणी करावी, कारण त्या अवस्थेतही छाती अशीच दुखते.

परंतु नोंदीतील टिंबे पाळीशी जुळत नसतील, दुखणे एकाच जागी खिळून बसले असेल, पाळी सरूनही गाठ हातास लागत असेल, स्तनाच्या बोंडीतून रक्त येत असेल, ती आत ओढली जात असेल किंवा कातडीवर खळी पडली असेल, तर वेचणीचा हंगाम संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि जाताना दिनदर्शिकेची ती पाने सोबत न्यावीत, म्हणजे संकोचाने जीभ अडली तरी वेदनेची कैफियत तारीखवार डॉक्टरांपुढे मांडली जाईल.