साहेबांची सोंगे

शिमगा जवळ आला की जोयडा तालुक्यातील रानवस्त्यांत ढोल घुमू लागतात. सोंग घेऊन दारोदार फिरण्याची चाल आपल्या मुलखाला नवी नाही. तळकोकणात राधा नाचते, रत्नागिरीकडे काळा झगा व उंच टोपी घातलेला संकासूर मुलांना भिववितो. उसने लुगडे, जुना अंगरखा, तोंडाला फासलेला रंग, एवढ्यावर सोंग उभे राहते. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणत आली. मग ज्यांच्यापाशी पैसा अमाप होता, त्यांनी कोणती सोंगे आणली?

या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी युरोपातील बड्या लोकांत वेषांतराच्या नृत्यसमारंभांचे मोठे वेड होते. निमंत्रणात काळ ठरवून दिलेला असे आणि पाहुण्यांनी त्या काळचा पोशाख शिवून घ्यावयाचा असे. असाच एक समारंभ १९०३ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये झाला. त्या वास्तूला शंभर वर्षे झाली होती, म्हणून पाहुण्यांनी १८०३ सालचा पोशाख करून यावे, असे ठरले. त्या काळी विलायतेत स्त्रियांचा झगा छातीखालीच आवळलेला व तेथून थेट पावलांपर्यंत उतरणारा असे. यजमान लॉर्ड कर्झन स्वतः ही वास्तू उभारणाऱ्या लॉर्ड वेलस्लीच्या वेषात अवतरले. योगायोग असा, की या वास्तूचा आराखडा कर्झन यांच्याच केडल्स्टन येथील वडिलोपार्जित वाड्यावरून घेतलेला होता.

मराठी माणसाने मात्र ते साल जरा थांबून वाचावे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि पेशवाई इंग्रजांच्या आश्रयाला गेली. पुढील सप्टेंबरात वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर याने आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. ज्या वर्षाने आपले राज्य खिळखिळे केले, ते वर्ष कलकत्त्यात रेशीम-कलाबतू लेवून नाचत होते! आपले सुपे तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि मुंबई इलाखा याच व्हाइसरॉयच्या हाताखाली. पोशाख हा निव्वळ करमणुकीचा नसतो. माणूस कोणाचे सोंग घेतो, यावरून त्याला काय आठवावेसे वाटते ते कळते. आणि काय विसरावेसे वाटते, तेही.

पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९०३ मध्ये, रशियाच्या झारनेही सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात असाच समारंभ केला. तेथे काळ निवडला होता सतराव्या शतकाचा. झार निकोलस आपला पूर्वज अलेक्सी याच्या जरतारी वेषात होते. सरदार भरजरी अंगरख्यांत, तर त्यांच्या स्त्रिया रत्नजडित उंच शिरोभूषणांत नटल्या होत्या. काही मूळ अलंकार मॉस्कोच्या क्रेमलिनमधील राजसंग्रहातून मुद्दाम आणविले होते. प्रजा अस्वस्थ होती. दोनच वर्षांत, १९०५ मध्ये, उठाव झाले. १९१७ मध्ये झारशाही संपली. असा भव्य दरबारी नृत्यसमारंभ रशियात पुन्हा झाला नाही.

पोशाख मात्र उरले. त्यांतले काही पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. शिवाय, त्याच पोशाखांवरून पत्त्यांतील राजा, राणी आणि गुलाम रेखाटले गेले. ते पत्ते क्रांतीनंतरही घरोघरी पिसले जात राहिले. ज्या वेषात झार मिरवले, तो वेष सामान्यांच्या हातातला एक पत्ता झाला.

शिमगा सरला की आपला सोंगाड्या ओढ्यावर तोंड धुतो, लुगडे ज्याचे त्याला परत करतो आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जातो. सोंग उतरविण्याची वेळ त्याला ठाऊक असते. हे शहाणपण राजवाड्यांत नव्हते.