निऑनचे फलक आणि त्यांची नवी प्रतिकृती

रात्री दुकानावर रंगीत अक्षरे झळकू लागली की त्यांना सरसकट ‘निऑन’ म्हणण्याचा प्रघात आहे. या बोलण्यात एक जुनी चूक आहे आणि एक नवी. जुनी चूक अशी की, निऑन वायू मुख्यतः नारिंगी-तांबड्या नळीत असतो; निळ्या वा पांढऱ्या नळीत बहुधा आर्गॉन व पाऱ्याची वाफ असते. नवी चूक अधिक मोठी आहे. अलीकडे बसविलेल्या पुष्कळ फलकांत काचही नसते आणि वायूही नसतो. असते ती एल. ई. डी. दिव्यांची माळ. तीही बाजारात ‘निऑन’ याच नावाने विकली जाते.

मूळ निऑनचा शोध १८९८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम रॅम्झी व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी लावला. ‘नवा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. एक लाख लिटर हवेत हा वायू दोन लिटरही भरत नाही. त्यामुळे तो बराच काळ प्रयोगशाळेतील नवलाई होऊन राहिला. हवा द्रवरूप करण्याचे कारखाने निघाल्यावर मात्र तो अनायासे हाती येऊ लागला. अशा कारखानदारांपैकी जॉर्ज क्लोद या फ्रेंच संशोधकाने १९१० च्या डिसेंबरात पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात सुमारे बारा मीटर लांबीच्या दोन प्रकाशनलिका लावल्या. घराच्या दिवाणखान्यास तो तांबडा उजेड शोभेना. जाहिरातीस मात्र तो फारच मानवला.

अशी नळी घडविणे हे सर्वस्वी हातांचे आणि श्वासाचे काम आहे. कारागीर सरळ काचनळी वायूच्या ज्योतीवर धरतो. काच मऊ झाली की ती वाकविताना आतील पोकळी चेपू नये, म्हणून रबरी नळीचे टोक तोंडात धरून तो हलकेच फुंकर घालीत राहतो. समोर अक्षरांचा पूर्ण आकाराचा आराखडा असतो, आणि तोही आरशात पाहावा तसा उलटा. कारण वळणे फलकाच्या मागील बाजूने घालावयाची असतात. काच कडक होण्यापूर्वी हाताशी असतात ते काही क्षण. पुढे दोन्ही टोकांना विद्युत् अग्रे बसवून आतील हवा उपसतात, प्रबळ प्रवाहाने नळी तापवून उरलेली अशुद्धी घालवितात आणि वातावरणाच्या दाबाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतका वायू भरतात. रोहित्रातून काही हजार व्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन वेगाने धावू लागतात व वायूच्या अणूंवर आदळतात. क्षुब्ध झालेला अणू पूर्वस्थितीस येताना आपल्या ठराविक रंगांचा प्रकाश बाहेर टाकतो.

एल. ई. डी. ची रीत निराळी. तेथे अर्धसंवाहकाचे दोन थर एकमेकांस भिडलेले असतात. त्यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत उतरतो, आणि त्याने सोडलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली तांबडा एल. ई. डी. तयार केला. निळ्या रंगाने मात्र संशोधकांची तीस वर्षे परीक्षा पाहिली. तो साधल्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्यावाचून पांढराही नाही. त्यामुळे बहुरंगी फलकांचा मार्ग या शोधानेच मोकळा झाला.

नव्या फलकात असे बारीक दिवे लवचीक पट्टीवर ओळीने बसवून वरून दुधी सिलिकोनचे आवरण घालतात, म्हणजे सुटे ठिपके न दिसता सलग रेघ दिसते. बारा किंवा चोवीस व्होल्ट त्यास पुरतात. तो पडल्याने काचेसारखा फुटत नाही, त्यात पारा नसतो आणि विजेचा खर्चही कमी येतो. हे गुण लहान नव्हेत. तथापि ‘दीर्घायुषी’ या विशेषणाचा हिशेब करून पाहावा. पन्नास हजार तासांचे आयुष्य सांगितलेला दिवा रोज बारा तास जळाला, तर तो अकरा वर्षांहून थोडा अधिक टिकेल. उत्तम बांधणीची वायुनलिका कित्येक दशके चालल्याची उदाहरणे आहेत. शिवाय नलिकेत वायू पुन्हा भरता येतो. सिलिकोनच्या पट्टीतील बिघडलेला भाग बहुधा फेकावाच लागतो.

या बदलाची किंमत हाँगकाँगमध्ये स्पष्ट दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कौलून भागात रस्त्यांवर आडवे झेपावणारे निऑन-फलक दाटीने लागले होते. त्यांवरील चिनी अक्षरे प्रथम कुंचल्याने लिहिली जात आणि कुंचल्याचा तो जाड-बारीक फटकारा काचेत उतरविला जाई. १९९८ पर्यंत चालू असलेल्या काइ ताक विमानतळाच्या परिसरात वैमानिकांची दिशाभूल होऊ नये म्हणून उघडझाप करणाऱ्या फलकांना मनाई होती. तेथील निऑन स्थिर तेवे, त्याचे हेही एक कारण. पुढे परवानगीवाचून उभारलेले फलक उतरविण्याचे आदेश निघू लागले आणि नव्या जागी स्वस्त एल. ई. डी. आले. वस्तुतः आक्षेप प्रकाशाला नव्हता, पादचाऱ्यांच्या डोक्यावर लटकणाऱ्या लोखंडी सांगाड्यांना होता. पण सांगाड्यांबरोबर काचकामही गेले, आणि आज ते जाणणारे मोजकेच कारागीर तेथे उरले आहेत. २०२१ साली उघडलेल्या एम प्लस संग्रहालयाने काही फलक जतन केले आहेत. वस्तू अशा रीतीने जपता येते. फुंकर किती घालावी हे काचपेटीत ठेवता येत नाही.

खरी नलिका ओळखावयाची असल्यास अक्षरांमधील जागा पाहावी. वायूला एका अक्षरातून दुसऱ्यात जाण्यास सलग वाट लागते. म्हणून जोडणारा नळीचा भाग काळ्या रंगाने झाकलेला आढळतो. एल. ई. डी. च्या फलकात त्या जागी नुसती तार असते. निरीक्षण मात्र दुरूनच करावे, कारण काचेच्या फलकामागे हजारो व्होल्टचा दाब खेळत असतो.