हद्दीची नोंद आणि आतली वस्ती

कात्रजच्या टेकड्यांच्या पायथ्याशी शेतांचे प्लॉट होताना ज्यांनी पाहिले आणि गुंठेवारीचे कागद जपून ठेवले, त्यांना हार्डडिस्कचे पार्टिशन समजावून देण्यास फारसे प्रयास पडू नयेत. कारण जमिनीची हद्द जशी मातीत उमटलेली नसून दफ्तरात नोंदलेली असते, तशीच डिस्कवरील विभागांची हद्द ही केवळ एका तक्त्यातील नोंद असते. जुन्या पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघ्या ६४ बाइटांत मावे आणि त्यात चारच विभागांना जागा असे. हल्लीच्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असून तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या खोलीत राहणारा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन खाली आला. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने २००७ साली प्रसृत केलेली, लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली त्याला विंडोजच्या शेजारी बसवायची होती. “काका, ताईच्या लग्नाचे फोटो यातच आहेत,” एवढेच तो म्हणाला.

ते फोटो मी प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावले आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज त्याला पुढे जाऊ दिले नाही.

खरा नाजूक भाग त्यानंतरचा: नव्या प्रणालीला जागा करून देण्यासाठी विंडोजचा विभाग लहान करण्याचा. विभागातील फायली सलग मांडलेल्या नसतात, काही पार शेवटच्या टोकाला पडलेल्या असतात. म्हणून आधी त्या अलीकडे सरकवायच्या, त्यांचे नवे ठिकाण फाइल-व्यवस्थेच्या खातेवहीत नोंदवायचे, आणि मगच हद्द मागे घ्यायची, कारण हा क्रम उलटला तर वस्ती हद्दीबाहेर राहते आणि नवी प्रणाली तिच्यावरच आपले घर बांधते. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट हे काम याच क्रमाने करते. आम्ही ८०,००० एमबी मागितले, तर तिने ३१,०००च देऊ केले. हायबरनेशनची आणि पेजिंगची फाइल चालू यंत्रात जागची हलत नाही, हे त्याचे कारण. दोन्ही तात्पुरत्या बंद करून यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा हवी तेवढी जागा मोकळी झाली. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरी पूर्ण भरून घेतली होती.

पुढे ‘बॉस’ बसवताना संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय समोर आला, तो टाळून आम्ही विभाग हाताने निवडले. फॉरमॅट केली ती मोकळी केलेली जागाच, आणि दोन्ही प्रणालींना उठवणाऱ्या छोट्या ईएफआय विभागाला तर त्या बाबतीत हातही लावला नाही.

रात्री पडद्यावर दोन नावांची यादी आली. त्याने विंडोज निवडले, फोटोंचे फोल्डर उघडले, आणि अंतरपाट दूर होतानाचा फोटो मला दाखवला.