कर्नाळ्याची टाकी आणि हेगचे न्यायासन

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी हवामानबदलाबाबत राष्ट्रांच्या कर्तव्यांविषयी जे सल्लावजा मत एकमुखाने दिले, त्याचे मथळे वाचकांनी वाचले आहेत आणि त्यावरील मुत्सद्द्यांच्या प्रतिक्रियाही एव्हाना शिळ्या झाल्या आहेत. तेव्हा तो पाढा येथे पुन्हा वाचण्याचे प्रयोजन नाही. माझे कुतूहल अडून बसले ते या प्रकरणाच्या उगमापाशी. २०१९ साली वानुआतू या चिमुकल्या द्वीपराष्ट्रात, दक्षिण प्रशांत विद्यापीठातील कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या एका स्वाध्यायाचा मसुदा इतक्या गांभीर्याने घेतला, की त्यांची कैफियत आधी बेटांच्या राज्यकर्त्यांपुढे, मग वानुआतू सरकारच्या दफ्तरी, २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावात आणि अखेर हेगच्या न्यायासनापुढे जाऊन पोहोचली. स्वाध्यायाच्या वहीला असे भाग्य लाभल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे सारे डोक्यात घोळत असतानाच एका ओल्या सकाळी मी पनवेलजवळच्या कर्नाळ्यास गेलो. १९६८ साली जाहीर झालेले, आरंभी जेमतेम साडेचार आणि २००३ नंतर सुमारे बारा चौरस किलोमीटरांचे हे पक्षी अभयारण्य मुंबई-गोवा महामार्गाच्या दुतर्फा पसरलेले आहे, त्यामुळे शीळकरी कस्तुराची लकेर आणि कंटेनरचा भोंगा एकाच कानाने ऐकावा लागतो. फाटकापासून थोडे आत, एका ऐनाच्या बुंध्याला चारपाच महाविद्यालयीन मुलेमुली छातीच्या उंचीवर फीत गुंडाळीत होती. एकजण ओरडला, ‘‘एकशे बत्तीस!’’ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून वहीत लिहिणारी मुलगी म्हणाली, ‘‘साल भिजून फुगलीये, तसं शेऱ्यात टाकते.’’ परिघावरून झाडाचे वजन, कोरड्या वजनावरून त्याच्या सुमारे निम्मा कर्ब, असा तो हिशेब. आणि ओल्या सालीची खबरदारी घेणारी ती मुलगी मला पुष्कळ प्रबंधकारांहून अधिक शास्त्रनिष्ठ वाटली. ही वही पुढे कुठे जाते, असे मी विचारले. ‘‘सबमिशनला, काका. मग कपाटात.’’

ज्या कपाटाचा तिने उल्लेख केला, ते पुरेसे जुने आहे. महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना अनिवार्य करावयास सांगितले, त्यानंतर बाराएक वर्षांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला, आणि त्यात प्रत्यक्ष पाहणीसाठी तासही राखून ठेवले. हेतू उदात्त, अंमल यथातथाच. मी ज्या एका महाविद्यालयात काही काळ या विषयाच्या प्रकल्पवह्या तपासल्या, तेथे एकाच तळ्याचे एकच वर्णन सलग तीन वर्षे, तळे मध्यंतरी बुजवले गेले असतानाही, माझ्यापुढे आले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मूळ प्रत होती.

अभयारण्यातील कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सुळक्यावरील मधमाश्यांची मोहोळे पाहण्यात दंग झालेले पर्यटक त्यांकडे फारसे लक्ष देत नाहीत. पण किती माणसे, किती महिने आणि किती पाणी, हा जमाखर्च ज्याने मांडला त्यानेच ती खोदविली असणार. दुर्ग वसविण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही सांगून ठेवले आहे. हवामानबदलाच्या अभ्यासाचा देशी श्रीगणेशा या हिशेबापासून व्हावा, असे मला वाटते. आणि तसा तो करणारी एक संस्था आपल्या शेजारीच आहे.

मुंबई आयआयटीतील ‘सितारा’ हे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे केंद्र १९८५ सालचे. तेथील विद्यार्थी पनवेलला लागूनच असलेल्या कर्जत तालुक्यात पाणीयोजनांच्या पाहणीसाठी हिंडले. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या मुलखात एप्रिल उजाडताच बायकांना ओढ्याच्या पात्रात खणलेले डवरे उपसावे लागतात, हे कोडे पुस्तकात सुटत नाही: काळा कातळ पाणी फारसे धरीत नाही, उतारावरून बहुतेक पाऊस अपधाव होऊन निघून जातो, आणि जेवढा मुरतो तेवढ्यावर आठ महिने काढावयाचे असतात. या कामाशी निगडित असलेले प्राध्यापक मिलिंद सोहोनी मूळचे गणनशास्त्रज्ञ. केतन मुलमुले यांच्यासमवेत त्या शास्त्रातील एका अत्यंत अमूर्त प्रश्नाला त्यांनी भूमितीच्या वाटेने हात घातला, आणि तेच गृहस्थ पुढे नळयोजना का कोरड्या पडतात याच्या शोधास लागले. आपल्या उच्चशिक्षणसंस्थांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासविषय मानले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. तो सर्वस्वी पत्करावयास माझे मन थोडे कचरते, कारण १९५८ पासून हवाईतील मौना लोआच्या उतारावर जो कर्बवायू मोजला जात आहे, तो काही कोण्या ग्रामपंचायतीच्या सोयीसाठी नव्हे. परंतु आपल्याकडे पारडे इतके दुसरीकडे झुकलेले आहे, की या आग्रहाचा थोडा अतिरेक झाला तरी चालेल. राज्याने २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मराठवाडा-विदर्भात सुरू केलेल्या हवामान-अनुकूल शेतीच्या ‘पोकरा’ प्रकल्पात गावोगावच्या पाण्याचा जो ताळेबंद मांडला जातो, त्याची पद्धत आयआयटीतच घडली. म्हणजे पाहणीची वही शासनाच्या दफ्तरापर्यंत जाऊ शकते.

ती गेली नाही तर काय होते, हे सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. कर्नाळ्याच्या ईशान्येला, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच नंतर सांगितले. विद्यार्थ्यांनी पाहणी केली असती तर दरड थांबली असती, असा बालिश दावा मी करीत नाही. मात्र घरामागच्या उतारावर यंदा नवी भेग पडली काय, पावसाळ्यात झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ झाले काय, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवण्यास उपग्रह लागत नाही.

पनवेल, पेण, खालापूरच्या महाविद्यालयांत शिकविणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. येत्या ऑक्टोबरात आपल्या विद्यार्थ्यांना दोरी आणि दगड देऊन एकेका वाडीच्या विहिरीवर पाठवा, मे महिन्यात त्याच विहिरीवर पुन्हा पाठवा, आणि वहीची एक प्रत ग्रामपंचायतीकडे देऊन तिची पोच घ्या.