सीमेवरचा कापूस

मुक्त बाजारपेठेची चर्चा आपल्याकडे बहुधा नफातोट्याच्या भाषेत होते. तिची नैतिक बाजू पाहावयाची असेल, तर पांढुर्णा व सौंसर या आपल्या तालुक्यांइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेले. आपण मध्य प्रदेशात राहिलो. (२०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला.) माती एक, बोली एक, सोयरिकी एक, सरकारे मात्र दोन.

याचा खरा अर्थ १९७२ साली कळला. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. वरुड-नरखेडच्या कास्तकाराने आपला कापूस योजनेलाच द्यावा, इतर कोणास विकू नये, असा निर्बंध आला. हेतू वाईट नव्हता. अडत्याचा काटा आणि सावकाराचा फास आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगला होता, आणि मंदीच्या वर्षी हमीभावाने अनेकांना तारलेही. परंतु सीमेपलीकडे भाव चढला, की महाराष्ट्रातला कापूस आडवाटांनी बाहेर पडे, आणि स्वतःच्या घामाचे पीक मामेभावाच्या गावी नेणारा माणूस गुन्हेगार ठरे. योजनेचा भाव वरचढ असला, की ओघ उलटा फिरे.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी नेमके येथेच बोट ठेवले. शासनाने मेहरबानी करू नये, वाटेतून बाजूस व्हावे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. श्रमातून मालकी निर्माण होते, असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकातच म्हटले होते. मग प्रश्न उरतो तो असा : जी वस्तू आपल्या मर्जीने विकता येत नाही, ती आपली कशी?

कर्जात बुडालेल्या माणसाची ‘मर्जी’ ती काय, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. तथापि अशा माणसाला दुसरा गिऱ्हाईक हवा असतो. कायद्याने तोच काढून घेतला. व्यापारी लबाड निघाला तर पुढल्या हंगामात त्याची पायरी टाळता येते. एकमेव खरेदीदाराकडे चुकारा अडकला, तर जावे कोठे?

२००२ साली खाजगी खरेदीस मुभा मिळून ही मक्तेदारी सैल झाली. संत्र्यावर असे बंधन कधी आलेच नाही. त्यातही फसवणूक होते, सौदे मोडतात. तरी बागाईतदार झाडावरचे फळ दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवितो आणि मगच सौदा ठरवितो.