होमस्टेसाठी लाकडावरचा बॉयलर: घेण्याआधी वहीत मांडायचा हिशोब



होमस्टे किंवा कृषी पर्यटन सुरू करायचं म्हटलं की खोल्या, गाद्या, जेवणाचा मेनू, इन्स्टाग्रामचं पेज या सगळ्यावर आपण भरपूर डोकं लावतो. अंघोळीच्या गरम पाण्याचा विषय मात्र शेवटी कधीतरी निघतो. मग डिसेंबरच्या थंडीत सकाळी साडेसातला पाचही खोल्यांमधून एकदम हाक येते, "दादा, गरम पाणी येत नाहीये!" तुमचं पिठलं-भाकरी कितीही फक्कड असू द्या, रिव्ह्यूमधला एक स्टार तिथेच जातो.

म्हणून आज बोलूया घरात बसवायच्या लाकडावरच्या बॉयलरबद्दल. ऑस्ट्रिया, जर्मनीसारख्या थंड देशांत असा बॉयलर अख्खं घर ऊबदार ठेवतो. त्याचं गरम पाणी पाइपातून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. आपल्याकडे खोल्या तापवायची वेळ सहसा येत नाही, आपल्याला पाहिजे ते अंघोळीचं पाणी. त्यासाठी तांब्याचा बंब आपल्या घरांत होताच: मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. तत्त्व तेच आहे, फक्त आता एका घराऐवजी दहा पाहुण्यांना पाणी पुरवायचं आहे.

दुकानदार तुम्हाला पहिला प्रश्न विचारेल, "किती लिटरचा देऊ?" त्याचं उत्तर तुमच्या वहीत आधीच लिहिलेलं पाहिजे.

पायरी १: गरज मोजा

समजा पाच खोल्या, दहा पाहुणे. शॉवर असेल तर माणशी साधारण ६० लिटर कोमट पाणी धरा, म्हणजे ६०० लिटर. बादलीने अंघोळ असेल तर माणशी ३० लिटरही पुरतं, म्हणजे गरज थेट निम्मी. हा निर्णय बाथरूम बांधतानाच होतो, हे लक्षात ठेवा.

आपण शॉवरचा हिशोब करू. थंडीत टाकीतलं पाणी २० अंश आणि अंघोळीला पाहिजे ४० अंश. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे ६०० गुणिले २०, एकूण १२,००० किलोकॅलरी.

६०० लिटरची टाकी घ्यायची गरज नाही. ३०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं आणि त्यात तेवढंच थंड मिसळलं की ४० अंशांचं ६०० लिटर तयार. पाइपात आणि टाकीत थोडी उष्णता वाया जाते, म्हणून ३५० ते ४०० लिटरची टाकी धरा. टाकीला बाहेरून जाड इन्सुलेशन पाहिजेच, नाहीतर रात्री तापवलेलं पाणी सकाळपर्यंत कोमट होऊन बसेल.

पायरी २: पैशांचा हिशोब मांडा

वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून साधारण ३,५०० किलोकॅलरी उष्णता निघते. त्यातली निम्मी पाण्यात उतरली असं धरलं तर १२,००० किलोकॅलरीसाठी सुमारे ७ किलो लाकूड लागेल. विजेच्या एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे तेच काम करायला १४ युनिट.

आता दर घाला. मी इथे उदाहरण म्हणून वीज १० रुपये युनिट आणि लाकूड ८ रुपये किलो धरतोय. तुम्ही तुमच्या बिलातला आणि तुमच्या गावातला दर घाला. वीज १४० रुपये, लाकूड ५६ रुपये. रोजची बचत ८४ रुपये.

इथे बरेच जण ८४ ला ३६५ ने गुणतात आणि खूश होतात. थांबा! तुमचा होमस्टे वर्षाचे ३६५ दिवस भरलेला असणार आहे का? शनिवार-रविवार, सुट्ट्या, सीझन मिळून १२० दिवस धरू. वर्षाची बचत १०,०८० रुपये.

समजा बॉयलर, टाकी, धुराडं आणि प्लंबिंग मिळून ६०,००० रुपये लागले आणि पाच गीझरना ३०,००० लागले असते. म्हणजे बॉयलरसाठी तुम्ही ३०,००० जास्त घालताय. ते तीन वर्षांत वसूल होतात. वाईट नाही.

पण पहाटे साडेपाचला उठून जाळ कोण घालणार? त्यासाठी कोणाला तासाचे ६० रुपये द्यावे लागले तर रोजची बचत उरते २४ रुपये, वर्षाची २,८८०. मग तेच ३०,००० वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. उलट, स्वतःच्या बागेतल्या छाटणीचं लाकूड असेल आणि घरातलंच माणूस चहाचं आधण ठेवता ठेवता जाळाकडे बघणार असेल, तर दोन वर्षांच्या आत पैसे सुटतात. तेच यंत्र, तीच किंमत, तरी दोन घरांत दोन वेगळे निकाल. त्यामुळे शेजारच्या गावात एकाने बसवला म्हणून आपणही बसवायचा, असं करू नका.

आणखी एक बाजू बघा. दोन किलोवॉटचे पाच गीझर एकाच वेळी चालले तर १० किलोवॉटचा लोड होतो. तेवढा मंजूर लोड तुमच्या मीटरला आहे का? आणि लाइट गेली तर? टाकी बॉयलरपेक्षा उंचावर ठेवली की गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली उतरतं, पंपसुद्धा लागत नाही. जिथे सकाळी वीज जाते, तिथे ही गोष्ट पैशांत मोजता येण्यापेक्षा जास्त मोलाची आहे.

पायरी ३: लाकडाची सोय आधी, बॉयलर नंतर

ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. ते जाळणं म्हणजे आधी लाकडातलं पाणी उकळवायला पैसे मोजणं. धूर जास्त, उष्णता कमी, आणि धुराड्यात चिकट डांबरासारखा थर जमतो. हा थर पेटूही शकतो. युरोपात लाकूड फोडून, रचून एक-दोन वर्षं वाळवतात आणि ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की मगच जाळतात. आपल्या कडक उन्हात हे काम लवकर होतं. पण जूनच्या आत पावसाळाभर पुरेल एवढं लाकूड छपराखाली, जमिनीपासून वर, हवा खेळेल असं रचलेलं पाहिजे. ती जागा तुमच्याकडे आहे का, हे आधी बघा.

पऱ्हाट्या, तुराट्या भसकन पेटतात आणि लगेच विझतात, त्या जाळ पेटवायला ठेवा. बाभूळ, निलगिरी, आंब्याची छाटणी टिकून जळते. रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूड जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. आणि झाड आपल्या शेतातलं असलं तरी सरसकट तोडता येत नाही. महाराष्ट्रात वृक्षतोडीवर १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीतल्या झाडांना परवानगी लागते.

जाळ कसा घालायचा, हेही शिकून घ्या. हवा कोंडून दिवसभर धुमसत ठेवण्यापेक्षा दीड-दोन तास मोकळा, रसरशीत जाळ घाला आणि उष्णता टाकीत साठवा. लाकूड कमी लागतं, काजळीही कमी होते.

पायरी ४: बसवताना इथे पैसे वाचवू नका

बॉयलर घरात बसवणार असाल तर या पाच गोष्टींवर घासाघीस नको. पाहुण्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पहिली, हवा. बंद खोलीत जाळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. बॉयलर न्हाणीघरात किंवा झोपायच्या खोलीलगत ठेवू नका. त्याला वेगळी खोली द्या, बाहेर उघडणारं दार द्या आणि कधीच बंद न होणारी झरोक्याची जागा ठेवा.

दुसरी, धुराडं. सरळ उभं, कमीत कमी बाक असलेलं आणि छपराच्या आढ्यापेक्षा वर गेलेलं. लाकडी वासे आणि धुराडं यांच्यात मोकळी जागा पाहिजे. सीझनमध्ये महिन्यातून एकदा ते साफ करा.

तिसरी, वाफेची वाट. सर्वांत वरून निघणारा एक उघडा पाइप हवाच, आणि त्यावर कॉक नको. गीझर बटणाने बंद होतो, लाकडाचा जाळ होत नाही. पाणी उकळलं आणि वाफेला वाट नसली तर टाकी फुटू शकते.

चौथी, पाइप. बॉयलरमधून निघणारा पहिला पाइप धातूचाच हवा. पुढे सीपीव्हीसी चालेल, साधा पीव्हीसी गरम पाण्याने वाकतो. बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षाराचा थर बसतो आणि लाकूड जास्त लागतं, म्हणून आतून साफ करता येईल असंच मॉडेल घ्या.

पाचवी, मिक्सर. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. लहान मुलं येणार आहेत, तेव्हा तापमान ठरवून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा.

आणि राख? वरून थंड दिसली तरी आतला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, पूर्ण विझली की शेणखतात थोडी थोडी मिसळा.

कायद्याचं काय?

१९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. तो मुख्यतः दाबाखाली वाफ तयार करणाऱ्या बॉयलरसाठी आहे. १०० अंशांच्या खाली पाणी तापवणारं उपकरण त्यात येत नाही. पण उद्या तुम्ही काजू प्रक्रियेसाठी किंवा आमरस आटवायला वाफेचा बॉयलर घ्यायचं ठरवलंत, तर नोंदणी आणि तपासणीचा विषय येतो. दोन्हींना दुकानात "बॉयलर"च म्हणतात, म्हणून बिलावर नेमकं काय लिहिलंय ते वाचून घ्या.

आता तुमचं काम

आज संध्याकाळी वही घ्या आणि पाच आकडे लिहा: रोजचे पाहुणे, माणशी लिटर, वर्षातले भरलेले दिवस, तुमच्या गावातला लाकडाचा भाव आणि विजेच्या युनिटचा दर. त्याखाली एक नाव लिहा, पहाटे जाळ घालणाऱ्या माणसाचं. आकडे जुळले आणि नाव ठरलं, तर बिनधास्त बॉयलर बघायला जा. नावाची जागा रिकामी राहिली तर सोलर किंवा गीझरचा हिशोब मांडा. त्यात कमीपणा काहीच नाही. पाहुण्याला सकाळी साडेसातला गरम पाणी मिळालं पाहिजे, ते कशावर तापलं हे तो विचारत नाही.