भाववाढीचे एक मूळ आभाळात

कांद्याचा भाव चढला की चर्चा ठरावीक वळणाने जाते. पगारदार ग्राहक व्यापाऱ्याला साठेबाज ठरवितो, विरोधी पक्ष सरकारला जाब विचारतो आणि सरकार निर्यातीचे दार लावून मोकळे होते. आभाळाचे नाव या चर्चेत क्वचितच निघते. हवामानबदल हा शाळेतील पर्यावरणाच्या तासाचा विषय आणि भाववाढ हा बाजारच्या पिशवीचा, अशी जणू वाटणीच झाली आहे.

वस्तुतः हे दोन्ही विषय किती निकटचे आहेत, हे २०२३ साली दिसून आले. एल निनोच्या त्या वर्षी ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उन्हाळी कांदा चाळीत साठवून पावसाळा काढावयाचा आणि पुढे खरिपाच्या कांद्याने बाजार सांभाळावयाचा, ही नाशिक जिल्ह्याची रीत. परंतु काढणीच्या वेळी अवकाळी पावसात भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, आणि खरीप लांबला की दोन हंगामांत पोकळी पडते. भाव चढतो तो या पोकळीत. साठेबाज तिचा लाभ उठवितो, हे खरे. तथापि ती त्याने निर्माण केलेली नसते.

एखादा दुष्काळ वा एखादी गारपीट सरसकट हवामानबदलाच्या खात्यावर मांडणे शास्त्राला धरून होणार नाही. एल निनो पूर्वीही येत असे. मात्र तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, त्यामुळे मुसळधार वृष्टीचा जोर वाढतो; उष्णतेच्या लाटाही अधिक तीव्र होत आहेत. २०२२ चा मार्च असाच विक्रमी तापला, उत्तरेत गव्हाचे दाणे भरण्यापूर्वीच सुकले आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली.

निदान अपुरे असले की उपचारही एकांगी होतो. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसराला अवकाळी पाऊस व गारपिटीने झोडपले. पंधरवडाही उलटला नाही तोच, ८ डिसेंबरला, कांद्याची निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. एकाच शेतकऱ्याला आधी निसर्गाने व मागोमाग शासनाने गाठले. नोकरदाराला महागाई भत्त्याचा थोडाफार आधार असतो. निर्यातबंदीने बुडालेल्या भावाची भरपाई करणारा तसा भत्ता शेतकऱ्याला नाही.

लोकजागृती म्हणावयाची ती येथे हवी. ग्राहकाने ‘कोणावर धाड घातली?’ एवढेच विचारून थांबू नये. हवा खेळती राहील अशा चाळी किती उभ्या राहिल्या, ओल सोसणारे बियाणे शेतापर्यंत पोहोचले काय, पावसाचा अंदाज गावाला वेळेवर कळतो काय, हे प्रश्नही त्याने विचारले पाहिजेत. ते विचारले जात नाहीत तोवर प्रत्येक टंचाईत ग्राहक आणि शेतकरी एकमेकांना वैरी समजत राहतील, आणि दोघांचेही नुकसान चुकणार नाही.